यंत्राची रोजकीर्द कोणी वाचायची?

मी बँकेत होतो त्या काळी संध्याकाळी हिशेब जुळला नाही, तर शाखेतले कोणी घरी जात नसे. व्हाउचरचा गठ्ठा सोडायचा, डे-बुक उघडायचे आणि एकेक नोंद टिक मारत जायची. फरकाला नऊने भाग गेला, की कुठे तरी ५४ चे ४५ झाले असणार, असे जुने हेडकॅशिअर सांगत. ज्याच्या गल्ल्यात तूट आली तो कॅशिअरही त्याच टेबलाशी बसलेला असे. संशय ज्याच्यावर, वही त्याच्याही समोर, असा तो रिवाज होता.

पुढे संगणक आले, वह्या गेल्या. रोजकीर्द मात्र गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. सर्व्हर आपली डायरी लिहीतच असतो: कोण किती वाजता आत आला, काय नोंदवले, काय बदलले, यंत्र कुठे अडखळले. तिला 'लॉग' म्हणतात. ती वाचायची मुभा बहुधा ॲडमिनिस्ट्रेटरला. बाकीच्यांनी पडद्यावरचा आकडा मानायचा.

एवढ्याने काय बिघडते, ते ब्रिटनमध्ये दिसले. १९९९ साली तिथल्या पोस्ट ऑफिसने 'होरायझन' ही संगणकप्रणाली शाखांत बसवायला घेतली. ती चालवत होती फुजित्सू कंपनी. तिथली बहुतेक पोस्टे म्हणजे गावातली दुकाने. ती चालवणारा उप-पोस्टमास्तर पगारी नोकर नव्हे, करारावरचा माणूस. आणि तूट आली की त्याने भरून द्यायची अशी पद्धत. यथावकाश पडद्यावर न कळणाऱ्या तुटी दिसू लागल्या. मदतीसाठी फोन केला तर 'ही तक्रार फक्त तुमचीच' असे उत्तर मिळे, असे कितीतरी जणांनी पुढे सांगितले. लॉग त्यांना पाहता येत नव्हते.

१९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. त्यांपैकी सुमारे सातशेंवर खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच भरले होते. मूळच्या भारतीय सीमा मिश्रा यांना २०१० साली पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांच्या बाजूने यंत्राची माहिती वारंवार मागितली गेली; ती पुरती मिळाली नाही. विरुद्ध पुरावा येईपर्यंत संगणक बरोबरच आहे, असे तिथली न्यायालये धरून चालत. पुरावा होता तो डायरीत, आणि डायरी फिर्यादीच्या बाजूला!

ॲलन बेट्स आणि त्यांचे साथी, एकूण ५५५ जण, न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल लागला: यंत्रात दोष होते, आणि कंपनीची माणसे दुरून शाखेच्या हिशेबात नोंद करू शकत होती, तीही उप-पोस्टमास्तराला न कळता. २०२१ च्या एप्रिलमध्ये मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि २०२४ मध्ये कायदा करून शेकडो जणांची.

मग सगळे लॉग सगळ्यांना उघडे करावेत का? नाही. त्यांत इतरांचे खातेक्रमांक असतात, निष्काळजीपणे लिहिले गेलेले पासवर्डही असू शकतात. चोराला त्यातून कोणते दार सैल आहे हे कळेल. पण मधला मार्ग अवघड नाही. लॉगची प्रत वेगळ्या यंत्रावर ठेवावी. वाचायला द्यावी, बदलायला नव्हे. ज्याने त्याने आपल्यापुरत्याच ओळी पाहाव्यात. आणि कोणी काय पाहिले याचीही नोंद राहावी. ॲडमिनिस्ट्रेटरची स्वतःची कामे तर त्याला पुसता येणार नाहीत अशा जागी लिहिली जावीत. त्यात अविश्वास कसला? तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे ठेवताना मॅनेजरला कधी अपमान वाटला नव्हता.

जगात हे घडतेही आहे. आपली माहिती कोणत्या सरकारी खात्याने पाहिली, हे एस्टोनियाच्या नागरिकाला घरबसल्या दिसते. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे, आणि ती बंद करता न येणे, बंधनकारक आहे. आणि आपला आधार क्रमांक गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे पडताळला गेला, हे आधारच्या संकेतस्थळावर आपल्याला पाहता येते.

हे शेवटचे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. या रविवारी, जेवणे आटोपल्यावर, घरातल्या तरुण मंडळींना हाताशी घ्या आणि ती यादी एकदा वाचून काढा. एखादी ओळ ओळखीची वाटली नाही, तर ती कोणाची, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.