पाणी कधी उलटते?

वर्गात मी कधी कधी मुलांना स्कॉटलंडचा पश्चिम किनारा फळ्यावर काढायला सांगतो. मुले कंटाळतात. कारण ती रेघ चार बोटे सरळ म्हणून जात नाही. कुठे समुद्र जमिनीत कोसकोस आत शिरला आहे, तर कुठे डोंगर पाण्यात उतरून पलीकडे बेट होऊन वर आला आहे. जुरा, स्कारबा, लुंगा, लुइंग, आयला अशी लहानमोठी शेकडो बेटे ह्या किनाऱ्याला आहेत. दोन बेटांच्या मधे अरुंद सामुद्रधुनी असते, आणि तिच्यातले पाणी काही स्वस्थ बसणारे नव्हे. दिवसातून साधारण चार वेळा ते आपली दिशा बदलते, आणि काही ठिकाणी पावसाळी नदीसारखे धावते.

ह्या पाण्यातून हौशी माणसे वल्हवण्याच्या एका चिंचोळ्या होडीतून हिंडतात. तिला कयाक म्हणतात. कयाक चालते ताशी सहा-सात किलोमीटर. पाणी धावते कधी कधी ताशी पंधरा-सोळा किलोमीटर. मग पाण्याच्या निम्म्याही वेगाने न चालणारी होडी ह्या पाण्यातून पार कशी जाते? आज एवढाच प्रश्न आपण घेऊ.

प्रथम होडी पाहू. लांबी सुमारे ५ मीटर आणि रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. माणूस तीत बसतो असे म्हणण्यापेक्षा ती अंगात घालतो असे म्हटले तरी चालेल. वरून ती सगळी झाकलेली, मधे फक्त कमरेपुरते भोक. कमरेला घागऱ्यासारखे जाड कापड बांधून ते भोकाच्या काठावर ताणून बसवले, की आत पाणी शिरत नाही. पुढे-मागे बंद कप्पे असतात. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. होडी उलटली, तरी सराव असलेला माणूस वल्ह्याचा आधार घेऊन कमरेच्या हिसक्याने तिच्यासकट पुन्हा वर येतो.

ही विद्या मूळची ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. लाकडाचा व हाडांचा सांगाडा करून त्यावर सील माशाचे, खरे म्हणजे सील ह्या प्राण्याचे, कातडे ताणून ते शिकारीची होडी करीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांजवळ अशा होडीतली माणसे दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि तशी एक जुनी कयाक ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ती माणसे तेथवर कशी आली, ह्यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. असो.

आता पाणी. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते आणि उतरते. जुरा बेटाच्या पूर्वेला ते त्याच्या निम्मेही चढत नाही. तरी बंदरात भोवरा नाही आणि तेथे आहे. हे कसे?

शेताला पाणी देताना दारे धरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एका वाफ्यात पाणी काठोकाठ आहे आणि शेजारचा अर्धा रिकामा आहे. मधल्या बांधाला वीतभर खांड पाडले, तर त्या खांडातून पाणी उसळून धावते. दोन्ही वाफे सारखेच भरलेले असतील, तर कितीही पाणी असो, ते हलणार नाही. पाणी किती उंच आहे ह्यावर त्याची धाव ठरत नाही. अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्यात फरक किती आहे, आणि मधली वाट किती अरुंद आहे, ह्यावर ती ठरते.

जुरा बेट म्हणजे असाच एक बांध आहे. ते सुमारे ४५ किलोमीटर लांब आहे. त्याच्या पश्चिमेला मोकळा अटलांटिक महासागर आणि पूर्वेला, बेट व मुख्य भूमी यांच्यामधे, लांबट सामुद्रधुनी. भरतीची लाट दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोचत नाही. त्यामुळे एकीकडे पाणी चढलेले असते तेव्हा दुसरीकडे ते उतरलेले असते. ह्या बांधाला उत्तरेला एक खांड आहे. जुरा आणि स्कारबा ह्यांच्यामधली ती सुमारे एक किलोमीटर रुंदीची वाट. तिचे नाव कॉरिव्रेकन. तिच्यातून पाणी साडेआठ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने जाते.

इतकेच असते तर ती नुसती वेगवान नदी झाली असती. पण तळाशी आणखी एक गोष्ट आहे. तेथे समुद्र २०० मीटरांहून अधिक खोल आहे, आणि स्कारबाच्या बाजूला त्या खोलीतून एक सुळका उभा राहून पृष्ठभागाखाली सुमारे ३० मीटरांपर्यंत येतो. धावते पाणी ह्या सुळक्यावर आदळते, वर उसळते, बाजूला फाटते आणि गरगरते. भोवरा म्हटले की एकाच जागी असलेले मोठे भोक आपल्या डोळ्यांपुढे येते. तसे तेथे नसते. भोवरे उठतात, प्रवाहाबरोबर सरकतात, विरतात आणि मागे नवे उठतात. त्यात भरतीचे पाणी ह्या वाटेने पश्चिमेकडे धावत असते, आणि अटलांटिकचा वारा व लाटा बहुतेक पश्चिमेकडूनच येतात. पाणी आणि वारा समोरासमोर भिडले म्हणजे लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्यांचा आवाज कित्येक मैलांवर ऐकू जातो.

कॉरिव्रेकन ह्या गेलिक नावाचा एक अर्थ ‘ब्रेकनची काहील’ असा करतात. उकळत्या रसाची काहील ज्यांनी गुऱ्हाळात पाहिली आहे, त्यांना हे नाव लगेच पटेल. तिकडचे जुने लोक सांगत, की थंडीच्या तोंडाला कॅल्याख नावाची एक म्हातारी ह्या काहिलीत आपले घोंगडे धुते. घोंगडे धुऊन पांढरेशुभ्र झाले, की तेच बर्फ होऊन डोंगरांवर पसरते.

ह्याच वाटेत १९४७ च्या ऑगस्टमध्ये एक छोटी होडी सापडली होती. ती कयाक नव्हती, मोटर लावलेली साधी होडी होती. तीत जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक होता, त्याचा तीन वर्षांचा मुलगा होता, आणि तरुण भाचा व भाची होती. ऑर्वेल त्या वेळी जुराच्या उत्तर टोकाजवळ बार्नहिल नावाच्या एकाकी घरात राहून ‘१९८४’ ही कादंबरी लिहीत होता. मंडळी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर चार दिवस मुक्कामाला गेली होती आणि परत पूर्वेकडे घरी निघाली होती. ऑर्वेलने भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिले होते. पण ते वाचण्यात त्याची चूक झाली.

होडी कॉरिव्रेकनच्या तोंडाशी आली तेव्हा पाणी अजून जोरात होते. भोवऱ्यांच्या हिसक्याने मोटर निखळून समुद्रात गेली. भाच्याने वल्ही हाती घेतली आणि कशीबशी होडी एका खडकाळ बेटाशी आणली. उतरता उतरता ती उलटली. लहान मुलगा होडीखाली गेला. ऑर्वेलने त्याला ओढून बाहेर काढले. अन्न नाही, बहुतेक सामान गेलेले, कपडे भिजलेले, अशा स्थितीत ती चौघे त्या खडकावर काही तास बसून होती. शेवटी शेवंडी पकडणाऱ्या कोळ्यांच्या नावेने त्यांना पाहिले आणि सोडवले. कादंबरी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९५० च्या जानेवारीत ऑर्वेल क्षयाने वारला.

ही गोष्ट मी ऑर्वेलला दोष देण्यासाठी सांगितली नाही. पुढे ह्याच ऑर्वेलच्या बहिणीशी लग्न केलेला बिल डन हा गृहस्थ, एक पाय युद्धात गमावलेला असूनही, हीच सामुद्रधुनी पोहून गेला. आजही पोहणारे लोक तेथे जातात. वाट तीच, पाणी तेच. फरक वेळेचा आहे.

तेव्हा कयाकवाला घरून निघण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. त्याचा हिशेब तीन पायऱ्यांचा असतो, आणि तो आपल्याला अगदी परका नाही.

पहिली पायरी तिथीची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोकणात लहान मुलालाही ठाऊक असते. चंद्र तोच असल्यामुळे नियमही तोच. मात्र तेथे उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो. भांगाच्या दिवसांत प्रवाह उधाणाच्या सुमारे निम्म्या वेगाने वाहतो. आणि वेग निम्मा झाला की पाण्याच्या धडकेचा जोर चौथाईवर येतो. म्हणून शहाणा कयाकवाला कॉरिव्रेकनसाठी भांगाचे दिवस निवडतो.

दुसरी पायरी तासांची. भरती साधारण सहा तास चढते, पण सगळे तास सारखे चढत नाही. एकूण चढ बारा आणे धरा. पहिल्या तासाला एक आणा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते. प्रवाहही तेव्हाच सर्वांत जोरात असतो. हा ठोकताळा आहे, सगळीकडे काटेकोर लागू पडत नाही. पण धोका कोणत्या तासात आहे हे त्यावरून कळते.

तिसरी पायरी उलटण्याच्या वेळेची, आणि येथेच माणूस फसतो. आपल्याला वाटते, की भरती पूर्ण झाली म्हणजे पाणी थांबते. खाडीच्या तोंडाशी तसे पुष्कळदा होतेही. पण अरुंद वाटेत पाणी थांबते ते दोन्ही बाजूंची उंची सारखी झाल्यावर, आणि ती वेळ अगदी वेगळी असू शकते. त्या भागात ओबन बंदराची भरती प्रमाण मानतात. ओबनला भरती झाल्यावर सुमारे चार तासांनी कॉरिव्रेकनचे पाणी पश्चिमेकडे वळते, आणि पुढच्या भरतीपूर्वी सुमारे दोन तास ते पूर्वेकडे उलटते. ह्या दोन उलटण्यांच्या वेळी पाणी थोडा वेळ स्तब्ध उभे राहते. भांगाला ही सवड बरी मिळते, उधाणाला अगदीच थोडी. कयाकवाला त्या सवडीआधी तोंडाशी येऊन, किनाऱ्याच्या आडोशाला थांबून राहतो. शिवाय कोष्टकातली वेळ बहुधा ग्रीनिचची असते; उन्हाळ्यात तिकडे घड्याळे एक तास पुढे असतात. तो तास मिळवायला विसरले, तर बाकी सगळा हिशेब बरोबर असून माणूस चुकतो.

वेळ साधली की तेच पाणी कामाला येते. जुराच्या पूर्वेला भरती उत्तरेकडे वाहते. भरती सुरू होताना उत्तरेला निघावे, म्हणजे बाजाराला पायी निघालेल्याला वाटेत गाडी मिळावी तसे होते. प्रवाह आडवा ओलांडायचा असला, तर आपले नावाडी पुराच्या नदीत नाव जशी वरच्या अंगाला रोखून धरतात, तशीच कयाक रोखतात. खडकाच्या मागे पाणी थांबलेले किंवा उलटे वाहणारे असते. तेथे दम घेता येतो. मात्र धावते आणि थांबलेले पाणी यांच्या शिवेवर होडी हटकून कलंडू पाहते. ह्याचा सराव ओबनच्या उत्तरेला कॉनेल गावी करतात. तेथे एटिव्ह नावाच्या खाडीच्या तोंडाशी खडकाचा उंबरठा आहे. ओहोटीला बाहेरचा समुद्र झपाट्याने उतरतो, आत तुंबलेले पाणी उंबरठ्यावरून कोसळते, आणि पुलाखाली खारट पाण्याचा धबधबा तयार होतो.

आणि एवढे करूनही वारा फिरला, तर मंडळी परत फिरतात. तिकडचे पाणी भर उन्हाळ्यातही तेरा-चौदा अंशांच्या वर फारसे जात नाही. पाण्यात पडलेल्याचे हात थोड्याच वेळात वल्हे धरीनासे होतात. म्हणून अंगात पाणी न शिरणारा पोशाख, जाकीट आणि निदान तिघांची सोबत, असा रिवाज आहे.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवतो. शाळा खाडीकाठी असेल, तर एखाद्या सुरक्षित धक्क्यावरून खुणा केलेली काठी पाण्यात उभी करा आणि मुलांकडून दर तासाला पाणी मोजून घ्या. एक, दोन, तीन, तीन, दोन, एक हे आणे मुलांना स्वतः सापडतील. शाळा घाटावर असेल, तर पंचांग घ्या. तिथीला तीनने गुणून चारने भागले, की मुंबई-कोकणच्या भरतीची ढोबळ वेळ निघते; अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मग मुलांना विचारा, हेच गणित ओबनला का चालणार नाही? भरतीची लाट किनारा पाहून लवकर-उशिरा पोचते, हे उत्तर एखादा तरी मुलगा देईल. आणि तो पुढे सहलीला समुद्रावर गेला, तर पाण्यात पाय घालण्याआधी काठावरच्या कोळ्याला विचारील, “काका, पाणी कधी उलटते?”