चाळीच्या भिंतींनाही इतिहास असतो

'हेरिटेज' म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बोरीबंदर किंवा हायकोर्टाची इमारत उभी राहते. घुमट, कमानी, नक्षीकाम! परळ-नायगावची आपली एक खोली, बाहेरची सामाईक मोरी नि लाकडी जिना यांना कोण वारसा म्हणणार? पण कायदा नीट वाचला तर वारसा म्हणजे फक्त देखणेपणा असे तो म्हणत नाही.

प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा. त्याची अट अशी की वास्तू किमान शंभर वर्षांची असावी. कान्हेरी, कार्ले, अजिंठ्याची लेणी आणि नालासोपाऱ्याचा स्तूप त्याच्या छत्राखाली आहेत. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद झाले. बुद्धांच्या वारशाला एवढे तरी कुंपण मिळाले; पण बाबासाहेबांच्या चळवळीच्या वास्तू कालपरवाच्या, त्यांचे काय?

मुंबईसाठी १९९५ साली वेगळी नियमावली आली. तिच्यात श्रेणी आहेत, आणि प्रत्येक वास्तू कोणत्या कारणासाठी जपायची तेही यादीत लिहिलेले असते. बांधणीचे सौंदर्य हे एक कारण. सामाजिक व आर्थिक इतिहासाशी नाते हे दुसरे. थोर व्यक्तीशी किंवा घटनेशी संबंध हे आणखी एक. बंधू-भगिनींनो, ही शेवटची दोन कारणे आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहेत!

परळची बी.आय.टी. चाळ घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने बांधलेल्या या चाळी. त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ या खोल्यांत परमपूज्य बाबासाहेबांचे बिऱ्हाड सुमारे २२ वर्षे होते. माता रमाईने काटकसरीचा संसार केला तो इथेच. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', महाडचा सत्याग्रह, सारे याच काळातले. स्थापत्याचा तज्ज्ञ त्या भिंतीकडे ढुंकूनही पाहणार नाही, पण इतिहासकाराला ती सोडून चालणार नाही. दादरचे राजगृह मात्र २०१३ साली वारसा वास्तू ठरले.

आणि नोंद राहून गेली किंवा तिची कुणाला कदर नसली म्हणजे काय होते? दादरच्या आंबेडकर भवनातला बुद्धभूषण प्रेस आठवा. २५ जून २०१६ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, तो जमीनदोस्त झाला. इमारत धोकादायक असल्याचे कारण सांगितले गेले. नंतर मोर्चे निघाले, वाद झाले. ज्या भिंतींआड आपली वृत्तपत्रे छापली गेली त्या परत आल्या नाहीत.

यात एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. चाळीत राहणाऱ्या माणसाला गळके छप्पर नको, नळाची भांडणे नकोत. बी.डी.डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल तर 'वारसा जपा' असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? माझे मत स्पष्ट आहे: माणसाला घर मिळालेच पाहिजे. पण सगळी चाळ राखणे आणि एकही खोली न राखणे यांच्या मधली वाटही आहे. एखादी खोली, एखादा जिना, नावाची पाटी राखता येते. बांधकामाचा आराखडा मंजूर होण्याआधी ते मागावे लागते, नंतर नव्हे.

यादीत भर घालायची असली की पालिका जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती व सूचना मागवते. तेव्हा नुसत्या घोषणा कामाच्या नाहीत, कागद लागतो. म्हणून घरातल्या आयाबहिणींना विनंती: भाड्याच्या जुन्या पावत्या, जयंती मंडळाच्या पत्रिका, चाळीच्या अंगणातल्या सभांचे फोटो रद्दीवाल्याला देऊ नका. फोटोमागे पेन्सिलीने साल, चाळीचा क्रमांक आणि ओळखीची नावे लिहून ठेवा. आजी हयात आहे तोवर तिलाच विचारा.