लघवी लाल झाली, तर स्लाइड बघायला सांगा

शेतमजूर बाईची किंवा बाप्याची लघवी लाल झाली की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते: "उन्हाळी लागली, धण्याचं पाणी पी." उन्हाळीत जळजळ होते. पण धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आम्ही जातो तेव्हा आधी हे विचारतो, की जळजळ नाही, दुखत नाही, तरी लघवी लाल होते का? आणि घरात कुणाला सिकलसेल आहे का?

नंदुरबारमधील भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. हा डोंगरातला आजार, आपला नव्हे, असे मानणाऱ्या वाचकांना सांगायला हवे की विदर्भात आपल्या बौद्ध समाजातही तो तितकाच मुरलेला आहे. यात कुणाच्या जातीचा दोष नाही, आईबापांकडून आलेला तो एक जीन आहे.

सांधे दुखतात, रक्त कमी होते, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. मूत्रपिंडाचे मात्र कुणी बोलत नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात. तिथे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि लघवीत रक्त उतरते. नुसत्या वाहकालाही, ज्याला एरवी काहीच त्रास नसतो, असे होऊ शकते. पुढे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाण्यासारखी लघवी वारंवार होते, मोठे मूलही रात्री अंथरूण ओले करते. त्या पोराला मारू नका. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या आजाराचे पहिले वर्णन लिहिले, त्यातही रुग्णाला भरपूर आणि पातळ लघवी होत असल्याची नोंद आहे.

आता तपासणी. कागदी पट्टी बुडवली की रक्ताचा रंग येतो, पण पट्टीला अख्खी पेशी आणि फुटलेल्या पेशीतले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. तो मायक्रोस्कोपला कळतो. दहा-बारा मिली लघवी यंत्रात पाचेक मिनिटे फिरवतात, वरचे पाणी ओततात आणि तळाच्या गाळाचा थेंब काचेवर घेतात. मोठ्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रात तांबड्या पेशी दोन-तीन, पू-पेशी पाचपर्यंत चालतात. पू-पेशी त्याहून जास्त असतील तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. चपट्या त्वचापेशी भरपूर दिसल्या तर नमुनाच नीट घेतलेला नाही. कास्ट म्हणजे मूत्रपिंडाच्या नळीत तयार झालेला साचा. त्यात तांबड्या पेशी अडकलेल्या दिसल्या तर रक्त मूत्रपिंडाच्या गाळणीतूनच येत आहे असे धरतात, मूत्राशयातून नव्हे.

आमच्या भागातली अडचण वेगळीच आहे. पाड्यावर सकाळी घेतलेली बाटली जीपने घाट उतरून दुपारी लॅबला पोचते. शिळ्या लघवीत पेशी फुटतात, कास्ट विरघळतात. त्यात सिकलसेलवाल्याची लघवी आधीच पातळ, म्हणजे पेशी आणखी लवकर फुटणार. पट्टी "रक्त आहे" म्हणते, स्लाइड "पेशी नाहीत" म्हणते, आणि खरे काय ते कुणालाच कळत नाही. म्हणून बाटली पाठवण्यापेक्षा माणूसच लॅबपर्यंत न्यावा. आधी स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली लघवी तिथेच द्यावी. ती दोन तासांच्या आत काचेखाली गेली पाहिजे. आरोग्य केंद्रात मायक्रोस्कोप मलेरियाच्या स्लाइडसाठी ठेवलेला असतोच, त्याच भिंगाखाली हा गाळही दिसतो. मागायला लाजू नका.

गाळ बघून सिकलसेल ठरत नाही, त्याला रक्ताचीच तपासणी लागते. आणि लघवीत रक्त सापडले तर "सिकलसेल आहे, चालायचंच" म्हणून घरी पाठवू देऊ नका. खडा, संसर्ग, क्वचित गाठसुद्धा असू शकते. सोनोग्राफी करून घ्या.

ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांनी पाण्याचा कॅन सोबत ठेवावा. या मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही, आणि अंग सुकले की पेशी वाकतात. दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक आणून रोज घेऊ नये, त्याने मूत्रपिंडावर आणखी मार बसतो. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना सिकलसेलचे कार्ड आधी दाखवा, लाल लघवीचे मग सांगा.