बूट मॅनेजर : संगणकाचा द्वारपाल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचें नेहमींचें मोफत पाठबळ थांबविलें. तिच्यामागून आलेली विंडोज ११ ही टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-सोय मागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारीत नाहीं. त्यामुळें ज्यांच्या घरीं अथवा दुकानीं दहा-बारा वर्षांचा, पण धडधाकट संगणक आहे, अशा पालकांपुढें प्रश्न उभा राहिला कीं, चांगलें चालणारें यंत्र भंगारांत घालावें काय? आमच्या मतें घालूं नये. त्याच यंत्रांत विंडोजच्या शेजारीं लिनक्स ही मोफत प्रणाली बसवितां येते. मुलांनीं अभ्यासासाठीं व इंटरनेटसाठीं लिनक्स वापरावी. ज्या जुन्या कामाला विंडोजच लागते त्यापुरती ती, शक्य तों इंटरनेट न जोडतां, ठेवावी. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें डेबियन नांवाच्या लिनक्सच्या आधारें 'बॉस' ही भारतीय प्रणाली काढली आहे, व तींत मराठींतहि काम करतां येतें.

परंतु एका घरांत दोन बिऱ्हाडें आलीं म्हणजे दारांत कोणीतरी विचारणारा लागतो कीं, आपणांस कोणाकडे जावयाचें आहे? संगणकांत हें काम करणाऱ्या लहानशा कार्यक्रमास बूट मॅनेजर म्हणतात.

हा बूट पायांतलाच होय. स्वतःच्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःस वर उचलणें, असा अशक्य गोष्टीविषयीं इंग्रजींत एक वाक्प्रचार आहे, त्यावरून हें नांव पडलें. संगणक बंद असतां त्याची मुख्य स्मृति रिकामी असते. डिस्कवरील प्रणाली स्मृतींत आणावयाची तर आणणारा कार्यक्रम आधीं स्मृतींत हवा. मग त्याला कोणीं आणावें? या कोड्याची उकल अशी केली आहे कीं, मदरबोर्डावरील एका चिपेंत कायमचा लिहिलेला कार्यक्रम वीज येतांच प्रथम जागा होतो. तो एका लहान कार्यक्रमास उठवितो, आणि तो लहान कार्यक्रम मोठ्या प्रणालीस उठवितो.

चिपेंतील या कार्यक्रमाच्या दोन पद्धति आहेत, व पुढील सारा घोंटाळा त्यांवरूनच होत असल्यामुळें त्या नीट समजून घ्याव्या. जुनी बायॉस. ती डिस्कच्या अगदीं आरंभींचे ५१२ बाइट वाचते. त्यांतील ४४६ बाइट कार्यक्रमासाठीं, ६४ बाइट डिस्कच्या वांटण्यांच्या कोष्टकासाठीं, आणि शेवटचे दोन, हा भाग ग्राह्य आहे हें सांगणाऱ्या खुणेसाठीं. देवनागरींतील एका चिन्हास युनिकोडच्या प्रचलित लेखनांत तीन बाइट लागतात. म्हणजे एवढ्या जागेंत मराठीचीं दीडशें चिन्हेंहि मावत नाहींत! नवी पद्धति यूईएफआय. ती डिस्कवर एक लहान स्वतंत्र भाग राखते, त्यांत प्रत्येक प्रणालीचा द्वारपाल आपली स्वतंत्र फाइल ठेवतो, व कोणास आधीं बोलवावें याची यादी मदरबोर्डाजवळ असते. जुन्या पद्धतींत एका खुर्चीवर दोघे भांडतात. नव्या पद्धतींत खुर्च्या दोन, भांडण फक्त पहिल्या मानाचें.

लिनक्सबरोबर बहुधा येणारा द्वारपाल म्हणजे ग्रब. १९९५ सालीं एरिक बोलेन यांनीं त्याचा आरंभ केला. तो आपल्यापुढें प्रणालींची यादी मांडतो व कांहीं सेकंद वाट पाहून पहिलीस उठवितो.

आतां बसविण्याविषयीं. प्रथम महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर अथवा पेनड्राइव्हवर काढावी. जातीचा दाखला, सात-बाराचा उतारा, वनहक्काचे कागद, लग्नाचीं छायाचित्रें, हें सर्व आजकाल संगणकांतच असतें, आणि दाखला पुन्हां मिळविण्यासाठीं करंजाळीहून वा त्याहून दूरच्या पाड्यावरून किती खेपा घालाव्या लागतात हें पालकांस सांगावयास नको. डिस्कवर बिटलॉकरचें कुलूप असल्यास त्याची ४८ आंकडी चावी आधीं कागदावर लिहून घ्यावी. मग विंडोजमध्यें 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असतां विंडोज बंद होत नाहीं, अर्धवट झोंपते, आणि तिच्या फाइलींवर लिहावयास लिनक्स नकार देते. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून तीसएक जीबी जागा मोकळी करावी.

विंडोज आधीं, लिनक्स मागाहून, हा क्रम पाळावा. विंडोज ज्या पद्धतीनें बसली असेल, बायॉस वा यूईएफआय, त्याच पद्धतीनें लिनक्सचा पेनड्राइव्ह सुरू करावा. नाहींतर दोन्ही प्रणाली नीट बसूनहि एका यादींत येत नाहींत. आणि बसवितांना जो एक प्रश्न येतो त्यापाशीं हात थांबवून दोनदां वाचावें: 'विंडोजच्या शेजारीं बसवूं काय' आणि 'सर्व डिस्क पुसून बसवूं काय' हे पर्याय एकाखालीं एक असतात. पेठेस पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, म्हणून हें काम पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस जोडूनच करावें. वांटण्या बदलत असतां वीज गेली तर खरेंच नुकसान होतें.

एरवीं मात्र पडद्यावर काळी चौकट व इंग्रजी अक्षरें दिसलीं म्हणून घाबरूं नये. द्वारपाल आजारी पडला तरी घरांतील सामान जागच्या जागीं असतें. पुष्कळ दुकानीं एकच उत्तर ऐकूं येतें, "फॉरमॅट करावा लागेल". पालक मान डोलावतात आणि जें बिघडलेंच नव्हतें तें सारें पुसलें जातें. आमच्या मतें या विषयांत बिघाडानें जितकें नुकसान होतें त्याहून अधिक या एका शब्दानें होतें.

'बूट करण्याजोगें साधन नाहीं' असा संदेश आल्यास आधीं लावून ठेविलेला पेनड्राइव्ह काढावा. हसूं येईल, पण पुष्कळदां रोग एवढाच असतो. त्यानंतर चिपेंतील सेटिंग उघडून बूटचा क्रम पाहावा. विंडोज पुन्हां बसविल्यावर ग्रब नाहींसा झाला, तर यूईएफआय यंत्रांत बहुधा तो गेलेला नसतो, यादींत खालीं ढकललेला असतो. वर आणला कीं झालें. जुन्या बायॉस यंत्रांत विंडोज त्या ४४६ बाइटांवर न विचारतां आपला कार्यक्रम लिहिते. तेथें लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून ग्रब नव्यानें बसवावा. फाइलींस धक्का लागत नाहीं.

याच्या उलट, कोणीं विंडोजमधून लिनक्सचा भाग काढून टाकिला तर 'ग्रब रेस्क्यू' असे शब्द येऊन यंत्र थांबतें. द्वारपालाचें बिऱ्हाडच त्या भागांत होतें, आतां तो तें शोधीत आहे. यूईएफआय यंत्रांत विंडोज बूट मॅनेजरला यादींत पहिला करावा. जुन्या यंत्रांत विंडोजच्या दुरुस्ती-पेनड्राइव्हवरून आज्ञा-खिडकी उघडून 'बूटरेक' ही आज्ञा 'फिक्सएमबीआर' या जोडशब्दासह, तिरप्या रेघेनें जोडून, इंग्रजी अक्षरांत द्यावी. ग्रब दिसतो पण त्यांत विंडोज नाहीं, अशीहि तक्रार येते. २०२१ सालच्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबनें शेजारच्या प्रणाली आपण होऊन शोधणें सुरक्षेसाठीं बंद ठेविलें आहे; त्याच्या सेटिंगांतील 'ओएस-प्रोबर' चालू करून यादी पुन्हां तयार करविली कीं विंडोज परत येते.

घड्याळाची गंमत निराळीच. लिनक्स मदरबोर्डावरील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. म्हणून सकाळीं अकरा वाजतां विंडोज साडेपांच दाखविते. हा बिघाड नव्हे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्यास एकदां सांगितलें म्हणजे दोघींचें जमतें. परंतु यंत्र बरेच दिवस बंद राहून तारीखच कित्येक वर्षें मागें गेली, बूटचा क्रमहि बदलला आणि सुरक्षित संकेतस्थळें उघडेनाशीं झालीं, तर मदरबोर्डावरील सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा चपटा सेल संपला असें समजावें. वीज काढून तो बदलावा, तारीख व क्रम लावावा. ग्रबची यादी पूर्ववत् दिसूं लागते.