ओहोटी लागली म्हणून होडी मोडायची नसते!

अप्रेझलमध्ये पोपट झालाय? नोकरी गेलीय? की दोन वर्षांचं रिलेशनशिप एका फोनवर संपलंय? अशा वेळी मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला असतो, 'सोड ना यार, मूव्ह ऑन कर!' म्हणायला सोपं आहे हो. पण मूव्ह ऑन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. त्यासाठी महागड्या शिबिराची फी भरू नका. नेरूळला उतरा आणि सारसोळ्यात एक चक्कर मारा.

पाम बीच रोडवरून गाडी सुसाट काढताना हे गाव नजरेतून निसटतं. रस्त्याच्या एका अंगाला कोळी-आगरी वस्ती, तर दुसऱ्या अंगाला कांदळवन, खाडी आणि कोळ्यांची जेट्टी. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. आज आपण ज्या सेक्टरमधल्या फ्लॅटचा हप्ता भरतो, तिथे कुणाचं तरी शेत होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा पोटापाण्याचा धंदा एका सरकारी निर्णयाने हातातून गेला. आपल्या अप्रेझलची त्याच्याशी तुलनाच नको. पण या माणसांनी पुढे काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

उरलंय काय, ते मोजा

जमीन गेली, पण खाडी उरली होती. भरती-ओहोटीचं गणित, जाळं टाकायची जागा, चिंबोरी कुठे सापडते याची अक्कल कुणी संपादित करू शकत नव्हतं. सारसोळ्याच्या कोळ्यांनी होड्या सोडल्या नाहीत. भराव आणि सांडपाण्याने खाडीतली मासळी रोडावली, तरीही नाही. तुमचंही तसंच आहे. कंपनीने आयकार्ड काढून घेतलं, तरी पाच वर्षांत शिकलेलं काम तुमच्याकडेच राहतं. ते आधी कागदावर उतरवा.

हक्काचं मागायला लाजू नका

'झालं गेलं विसरून जा' हा सल्ला या गावांनी ऐकला नाही, हे बरंच झालं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांचे प्राण गेले. या लढ्यातूनच पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. तरी सगळं मिळालं असं नाही. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न पुढेही वर्षानुवर्षं रेंगाळला. म्हणून सावरणं म्हणजे तक्रार गिळणं नव्हे. थकलेला पगार, अडकलेलं डिपॉझिट, अनुभवाचं पत्र हे सगळं शांतपणे, पण लेखी मागा. मिळायला वेळ लागेल, हेही धरून चाला.

एकट्याने कुढू नका

९५ गावं एकत्र आली नसती, तर एकेका गावाचं कुणी ऐकलं असतं का? आपण मात्र नोकरी गेली की आधी मोबाइल सायलेंट करतो आणि घरी काही महिने ऑफिसला जायचं नाटक करतो. निदान एका माणसाला तरी खरं सांगा. आई, मोठा भाऊ, जुना कलीग, कुणीही चालेल. झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही.

मधला काळ फुकट नसतो

पावसाळ्यात खोल समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावरचा कोळी हातावर हात धरून बसत नाही. जाळी विणली जातात, होड्यांची डागडुजी होते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्राकडे जायचं असतं. तुमच्या दोन नोकऱ्यांमधल्या महिन्यांतही सीव्ही नीट करा, एखादा कोर्स उरका, खर्चाला कात्री लावा. आणि हो, चार दिवस नुसतं झोपायचं असेल तर झोपा. बिनधास्त!

तेव्हा या शनिवारी एवढंच करा. एक कागद घ्या. डावीकडे काय गेलं ते लिहा, उजवीकडे काय उरलं आणि काय मागायचंय ते लिहा. मग जवळच्या माणसाला फोन लावा. पलीकडून 'मूव्ह ऑन कर' ऐकू आलं, तर सरळ दुसऱ्याला लावा!