परदेशचें तेल व आपली तलवार

आमचा नातू सैन्यांत जाण्याची तयारी करीत आहे. परवां ओसरीवर त्यानें विचारलें, “आजोबा, आखातांतलें तेल अडलें, तर आपण तेथें फौज पाठवूं नये काय?” प्रश्न पोरकट नाहीं. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक बाहेरूनच येतें; परभणीची एस्. टी. आणि गंगाखेडचा ट्रॅक्टर त्याच्याच जिवावर चालतात.

परंतु ह्या प्रश्नाची किंमत महाराष्ट्रानें एकदां मोजलेली आहे. इराणांत १९०८ सालीं तेल लागलें, आबादान येथें तें शुद्ध करण्याचा कारखाना निघाला, आणि १९१४ सालीं ब्रिटिश सरकारनें आरमारासाठीं त्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तुर्कस्तानाशीं युद्ध जुंपतांच हिंदी फौज आखाताच्या माथ्याशीं फाओ येथें उतरली. तेलाचें रक्षण हा तिचा एक प्रमुख हेतु होता. ही फौज पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची. तिच्यांत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या.

बसरा त्याच महिन्यांत हातीं आलें. तेथेंच थांबावयास हवें होतें. पण बसऱ्याच्या रक्षणासाठीं कुर्ना, मग अमारा, मग कुत, आणि शेवटीं बगदादचा मोह! नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफॉनच्या लढाईनंतर फौज मागें फिरली व कुत येथें वेढली गेली. पुष्कळ हिंदी शिपायांनीं धर्मास्तव घोड्याचें मांस बरेच दिवस नाकारलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० लोक शरण गेले. त्यांतील हजारों कैदेंत मेले. कोंकणांतल्या व देशावरच्या ज्या घरांतून ते गेले, त्या घरांची त्या तेलांत एका थेंबाचीही मालकी नव्हती.

पूर्वपक्ष असा कीं, तेलावांचून राष्ट्र पंगु होईल. मग शस्त्र धरूं नये काय? ह्यांत तथ्य आहे. २०१९ सालीं आपल्या आरमारानें ओमानच्या आखातांत आपल्या व्यापारी जहाजांस संरक्षण दिलें, तें सर्वथा योग्य होय. जहाज आपलें, वाट सर्वांची. विहीर मात्र दुसऱ्याची. शेजाऱ्याच्या आडाचें पाणी आपल्यास लागतें, एवढ्यानें त्याच्या अंगणांत लाठी घेऊन उभें राहण्याचा अधिकार मिळत नाहीं. गरज हें दाम मोजण्याचें कारण आहे, मालकीचें नव्हे. २००३ सालीं अमेरिकेनें इराकांत आपली फौज मागितली असतां वाजपेयी सरकारनें नकार दिला, तो आम्हांस ह्याच न्यायानें रास्त वाटतो.

मग उपाय काय? आमच्या मराठवाड्यांत दुष्काळाच्या भीतीनें जुने लोक जोंधळा पेवांत भरून ठेवीत. विशाखापट्टण, मंगळूर व पादूर येथें खडकाच्या पोटांत ५३ लाख टन तेल सांठविण्याची सोय झाली आहे, तीं आजचीं पेवेंच होत. तीं वाढवावीं, खर्च आवरावा, आणि एकाच दुकानदारावर विसंबूं नये.

नातवास आम्ही इतकेंच सांगितलें: “बाळ, देशाची सीमा राखावयास जाशील, तर आम्ही तुला औक्षण करून निरोप देऊं. पण दुसऱ्याच्या विहिरीसाठीं तुला कोणी धाडूं लागलें, तर त्यास आधीं कुतची हकीकत विचारूं.”