एकच गणित एकवीस वेळा : पावसाचा अंदाज कसा निघतो?



“पावसाची शक्यता ७० टक्के” असे मोबाईलवर आले की पारावर चर्चा सुरू होते, “पडणार का नाही, ते एकदाचं सांगा ना!” पण हे ७० टक्के कुणी मनाने ठरवीत नाही. ते कसे निघतात हे कळले, तर पाण्याची पाळी, खताचा हप्ता आणि तोडणी यांचा निर्णय सोपा जाईल.

अंदाज म्हणजे एक मोठे गणित. आजचा वारा, तापमान, दमटपणा यांचे आकडे संगणकात भरायचे व पुढची स्थिती काढायची. अडचण अशी, की आजचे आकडेच तंतोतंत मिळत नाहीत. १९६१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी एकच गणित पुन्हा चालविताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले. एवढ्याशा फरकाने पुढे दोन्ही उत्तरे पार वेगळी झाली.

म्हणून १९९२ पासून युरोप-अमेरिकेत एकच गणित थोडेथोडे आकडे बदलून अनेक वेळा चालवू लागले. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ महासंगणक आला आणि १ जून २०१८ पासून हवामान खात्याने एकवीस प्रतींची पद्धत सुरू केली. एक प्रत मूळ आकड्यांची, वीस प्रती किंचित बदललेल्या आकड्यांच्या.

या प्रती एकदम का चालवायच्या? एकाच टोळीला एकवीस फड दिले तर शेवटच्या फडाला हंगाम निघून जाईल. एकवीस टोळ्या एकाच दिवशी घातल्या तर सगळे फड बरोबर उरकतात, मात्र कोयते तेवढे लागतात. संगणकाचेही तसेच. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र यंत्रणा व स्वतंत्र जागा मिळते. एकीचा आकडा दुसरीच्या वहीत जात नाही. शेवटी सगळ्यांची बेरीज होते. एकवीसपैकी पंधरा प्रतींनी पाऊस दाखविला, तर शक्यता सुमारे ७० टक्के. सगळ्यांचे एकमत असेल तर भरवसा जास्त. उत्तरे फाकली तर सावध राहावे.

ही शक्यता अशी वापरावी :

१) शक्यता मोठी असेल तर युरियाचा हप्ता थांबवावा. पाणीही लांबवावे; पण आवर्तन संपत आले असेल आणि विहिरीला पाणी नसेल, तर पाळी सोडू नये. हुकलेले पाणी परत मिळत नाही.

२) तोडणीच्या वेळी ३० टक्के शक्यताही हलकी समजू नये. काळ्या रानात गाडी रुतली की तोडलेला ऊस फडातच वाळतो, वजन व उतारा दोन्ही घटतात. पाऊस दिसत असेल तर पाणथळ रानातील तोडणी आधी करून घेण्याबाबत मुकादम व शेतकी खात्याशी वेळीच बोलावे.

३) या पद्धतीत एक चौकोन १२ किलोमीटरचा होता. त्यात अनेक गावांची शिवारे बसतात. प्रवरेच्या अलीकडे सर आणि पलीकडे कोरडे, हा फरक त्यात दिसत नाही.

७० टक्के म्हटल्यावर दहातून तीनदा पाऊस हुकणारच. तेवढ्यावरून अंदाज खोटा म्हणू नये. पाऊस आला तर आपले काय जाईल आणि नाही आला तर काय जाईल, हे दोन्ही तोलून निर्णय घ्यावा, ही विनंती.